ट्रोम्सोला राहायला येताय? जॅकेटच्या आधी दिव्याचं बघा

उत्तर नॉर्वेत शिक्षण किंवा नोकरी पक्की झाली की घरात पहिली चर्चा जॅकेटची होते. मामा लडाखच्या गोष्टी सांगतात, मावशी लोकर विणायला घेते, आणि बॅगेतली निम्मी जागा थर्मलने भरते. प्रत्यक्षात ट्रोम्सोची थंडी इतकी भयंकर नाही. शहर ६९ अंश उत्तरेच्याही वर आहे, आर्क्टिक वर्तुळापासून साधारण ३५० किलोमीटर उत्तरेला. पण अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे जानेवारीचं सरासरी तापमान उणे ४ च्या आसपास असतं, आणि पारा उणे १५ च्या खाली क्वचितच जातो. नवीन आलेल्या माणसाला इथे आडवं पाडतात त्या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत: नोव्हेंबरपासूनचा अंधार आणि पायाखालचा गुळगुळीत बर्फ. थंडीची तयारी सगळेच करून येतात, या दोन्हींची फारसं कुणी करत नाही.

पुढचं सगळं महिन्यांच्या क्रमाने लिहिलंय. बहुतेक मंडळी ऑगस्टमध्ये पोचतात, म्हणून त्याच्या थोडं आधीपासून सुरुवात करू.

निघण्याआधी, भारतातच

दात. सगळ्यात आधी दात. नॉर्वेत सरकारी आरोग्यसेवा उत्तम असली तरी मोठ्या माणसांच्या दातांचा खर्च बहुतांशी स्वतःच्या खिशातून होतो, आणि तो चांगलाच बसतो. अर्धवट राहिलेलं रूट कॅनाल, दुखणारी अक्कलदाढ, जे काही असेल ते पुण्या-नाशकातच उरका. चष्म्याचा जादा जोडही करून घ्या.

रक्ताच्या तपासण्या करा: हिमोग्लोबिन, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी), थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. रिपोर्ट इंग्रजीत छापील ठेवा. इथे एकके वेगळी आहेत, त्यामुळे पहिला नॉर्वेजियन रिपोर्ट हातात आला की माणूस घाबरतो. साखर मिलिमोलमध्ये येते. आपल्या आकड्याला १८ ने भागायचं, म्हणजे १२६ चे ७ होतात. एचबीएवनसी टक्क्यांत येत नाही, ७ टक्के म्हणजे इथले ५३. ड जीवनसत्त्वाच्या आपल्या आकड्याला अडीचने गुणा: भारतातले २० म्हणजे इथले ५०. घरात मधुमेह असेल तर हे तीन हिशेब फोनमध्ये लिहूनच ठेवा.

रोजची औषधं ३ महिन्यांपुरती, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट आणा. ‘संपली की आई कुरिअर करेल’ हा बेत इथे चालत नाही, भारतातून टपालाने औषधं मागवायला परवानगी नाही. झोपेच्या गोळ्या आणि कोडीन, ट्रामाडॉल असलेली वेदनाशामकं यांचे नियम आणखी कडक आहेत. ती आणायची असतील तर आधी नियम वाचा.

पहिले काही आठवडे: कागदपत्रं आणि टीबीची तपासणी

पोलिसांकडे नोंदणी झाली की यथावकाश ११ आकडी ओळख क्रमांक मिळतो. सगळी दारं त्या क्रमांकाने उघडतात. ६ महिन्यांहून जास्त राहणार म्हणून तुमची लोकसंख्या नोंदणीत नोंद झाली की तुम्हाला स्वतःचा ‘फास्टलेगे’, म्हणजे ठरलेला फॅमिली डॉक्टर, मिळण्याचा हक्क असतो. ‘हेल्सेनोर्गे’ या सरकारी संकेतस्थळावर जाऊन ज्याच्याकडे जागा आहे तो निवडायचा. तब्येत ठणठणीत असली तरी हे काम लगेच करा. गरज पडल्यावर शोधायला गेलात तर प्रतीक्षायादीत अडकाल. वर्षभरापेक्षा कमी मुदतीसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांनी खासगी विमा स्वतः तपासून घ्यावा, कारण सरकारी विम्यात आपोआप समावेश होईलच असं नाही.

भारतातून ३ महिन्यांहून जास्त राहायला येणाऱ्यांना क्षयरोगाची तपासणी बंधनकारक आहे. रक्ताची चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली की अनेकांचे हातपाय गळतात. शांत राहा. आपल्याकडे लहानपणापासून कधी ना कधी या जंतूशी गाठ पडलेली असते, आणि ही चाचणी फक्त तेवढंच सांगते. रोग झालाय असा तिचा अर्थ नाही. पुढे छातीचा एक्स-रे होतो, डॉक्टर प्रश्न विचारतात, आणि काही जणांना प्रतिबंधक गोळ्या सुचवल्या जातात. बीसीजीच्या लशीमुळे ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह येत नाही, त्यामुळे ‘लस घेतली होती म्हणून आलं असेल’ असं म्हणून पुढच्या तपासण्या टाळू नका.

डॉक्टरकडे प्रत्येक भेटीला ठरावीक रक्कम भरावी लागते. वर्षभरात ती ३,००० ते ३,५०० क्रोनरच्या दरम्यानच्या एका मर्यादेला पोचली की ‘फ्रीकोर्त’ मिळतं आणि उरलेलं वर्ष या योजनेतल्या भेटी फुकट होतात. मात्र सर्दी-तापाला अँटिबायोटिक मिळेल ही आशा सोडा. ‘पॅरासेट (म्हणजे पॅरासिटामॉल) घ्या, आराम करा, आठवड्याने बघू’ हे उत्तर ऐकून आपल्या लोकांना वाटतं डॉक्टरांनी हाकलून दिलं. तसं नसतं, इथली पद्धतच तशी आहे आणि बहुतेक वेळा ती बरोबरही असते. दुखणं खरंच वाढतंय असं वाटलं तर मात्र भिडस्तपणा ठेवू नका. किती दिवसांपासून, किती ताप, काय खाल्लं, काय जमत नाही, हे आकड्यांत सांगा. नॉर्वेजियन माणूस ‘जरा दुखतंय’ म्हणाला तरी डॉक्टर गंभीरपणे घेतात. ‘खूपच त्रास होतोय हो’ एवढ्या भरवशावर राहिलात तर दुखण्याचा अंदाजच येत नाही.

दोन नंबर पाठ करा. दवाखाना बंद असताना तातडीच्या डॉक्टरसाठी ११६ ११७, आणि जिवावरचं असेल तर अँब्युलन्ससाठी ११३. दोन्हीकडे इंग्रजी चालतं.

सप्टेंबर-ऑक्टोबर: बाटली आणि दिवा

साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत इथल्या उन्हातून कातडीत ड जीवनसत्त्व तयारच होत नाही, कारण सूर्य इतका खाली असतो की आवश्यक ती किरणं जमिनीपर्यंत पोचत नाहीत. आपल्या सावळ्या कातडीला तर त्यासाठी गोऱ्या माणसापेक्षा जास्त ऊन लागतं. म्हणून सरकारी शिफारस अशी आहे की लहानांपासून पंचाहत्तरीपर्यंतच्या सर्वांना रोज १० मायक्रोग्रॅम मिळावं. इथली माणसं त्यासाठी ‘त्रान’, म्हणजे कॉड माशाच्या यकृताचं तेल, घेतात. एका चहाच्या चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, नेमके तेवढे १० मायक्रोग्रॅम असतात. लिंबाच्या चवीचं आणा, फ्रिजमध्ये ठेवा, जेवणाबरोबर घ्या, म्हणजे ढेकर माशाचे येत नाहीत. (अगदीच येत नाहीत असं नाही.)

त्रानमध्ये अ जीवनसत्त्वही असतं, तेव्हा ‘एकाऐवजी तीन चमचे घेतले तर लवकर गुण येईल’ असा हिशेब करू नका. गरोदर बाईने तर डॉक्टरला विचारूनच घ्यावं. शाकाहारी असाल तर गोळ्या मिळतात, दगडफुलाच्या जातीपासून केलेल्याही. आणि हो, भारतातली ती आठवड्याला एक घ्यायची ६०,००० युनिटची पुडी: आपल्याकडे ती सर्रास दिली जाते, पण १० मायक्रोग्रॅम म्हणजे फक्त ४०० युनिट. ती पुडी १,५०० मायक्रोग्रॅमची झाली. बॅगेत भरून आणलेल्या पुड्या मनाने खाऊ नका, फास्टलेगेला दाखवा आणि रक्त तपासून घ्या.

मासे-अंडी न खाणाऱ्यांनी बी-१२ बरोबर आयोडीनचाही विचार करावा. भारतात मिठातून मिळत असल्याने आपण त्याबद्दल कधी विचारच केलेला नसतो. इथल्या मिठात ते जवळजवळ नसतं, लोकांना मिळतं ते मासे आणि दुधातून. दूध-दही रोज पोटात जात असेल तर बहुधा भागतं. दूधही टाळत असाल, किंवा मूल हवं असेल, तर डॉक्टरांशी बोला.

आता दिवा. पुण्यात दुपारच्या उन्हात उभे राहिलात तर डोळ्यांना १ लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड मिळतो. घरातल्या ट्यूबखाली २००-३००. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं आणि त्याला हा घरातला उजेड जवळपास अंधारासारखाच वाटतो. १०,००० लक्सचा उपचाराचा दिवा इथे सहज मिळतो. तो वापरायची रीत अशी: उठल्यावर तासाभरात, अर्धा तास, चहा पिताना किंवा ईमेल वाचताना. दिवा समोरून किंचित बाजूला ठेवायचा, डोळे उघडे हवेत, पण त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. खोक्यावर किती अंतरावर १०,००० लक्स मिळतात ते लिहिलेलं असतं. बहुतेकदा ते वीत-दीड वीत असतं, आणि दिवा टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवला तर निव्वळ शोभेचा होतो. डोळ्याच्या पडद्याचा आजार, बायपोलर आजार किंवा उजेडाचा त्रास वाढवणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारा. संध्याकाळी चुकूनही लावू नका, नाहीतर रात्रभर छत बघत बसाल.

कपड्यांबद्दल थोडक्यात. अंगाला लागून लोकर, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. सुती बनियन घामाने भिजतं आणि गारठवतं, ते घरीच ठेवा. बूट जाड मोजे मावतील असे. बाकी सगळं इथेच घ्या, इथलं बरं असतं. खोबरेल तेल आणत असाल तर ते सुमारे २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे इथे बाटलीत बारमाही पांढरा गठ्ठाच. रुंद तोंडाच्या बरणीत भरून आणा. हीटरच्या कोरड्या हवेत कातडी फुटते तेव्हा अंघोळीनंतर ओलसर अंगावर तेच उत्तम लागू पडतं.

नोव्हेंबर: चालायला शिका

उणे १० ला चालणं सोपं असतं, बर्फ कोरडा असतो आणि पायाखाली करकरतो. खरा घात अधिक २ ला होतो. आदल्या दिवशी बर्फ पडला, गाड्यांनी दाबून गुळगुळीत केला, रात्री पाऊस आला: सकाळी फुटपाथवर बर्फाचा थर आणि त्यावर पाण्याचा पातळ पडदा. अशा दिवशी मनगटं मोडतात. तापमान शून्याच्या आसपास दिसलं की सावध व्हा, ते शून्याच्या वर असलं तर आणखी.

त्यासाठी ‘ब्रोडर’ घ्या: बुटावर चढवायची रबरी पट्टी, खाली लोखंडी खिळे. खेळाच्या दुकानात मिळतात, किराणा दुकानांतही ठेवलेले असतात. फक्त टाचेवर बसणारे स्वस्त पडतात, पण चढ-उतारावर पुढच्या पायाला पकड राहत नाही. पूर्ण तळव्याचे घ्या, आणि बूट घालूनच दुकानात माप बघा. घरी खुर्चीवर बसून चढवायची सवय करा, एका पायावर उभं राहून चढवताना पडणारे कमी नाहीत. दुकानात शिरताना ते काढायलाच हवेत: ज्या खिळ्यांनी बर्फावर वाचवलं तेच गुळगुळीत फरशीवर घसरवतात. दारातच वाकून काढायचे, पिशवीत टाकायचे. सगळे तसंच करतात, लाज कसली.

चाल बदला. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, अंगाचा भार पुढच्या पायावर, सगळा तळवा एकदम टेकवायचा. हात खिशाबाहेर. फोन खिशात. छपरांच्या कडेखालून चालू नका, उबेने सुटलेला बर्फ आणि लोंबणारे सुळे वरून कोसळतात. जिथे लाल-पिवळी फळी आडवी लावलेली दिसेल तिथे रस्ता ओलांडून पलीकडे जा.

आणि कोटाला परावर्तक लावा. काळ्या कोटातला माणूस गाडीच्या साध्या दिव्यांत २५-३० मीटरवरून दिसतो. ती छोटीशी चमकणारी पट्टी असली तर १४० मीटरवरून. बँका, शाळा, कार्यालयं ती फुकट वाटत असतात. एक पायाजवळ आणि एक मनगटाजवळ असली की चालताना हलते आणि चटकन नजरेत येते.

अंधाराचे दोन महिने

२७ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्याचं क्षितिजावर येणं थांबतं. याचा अर्थ चोवीस तास काळोख असा नाही. २१-२२ डिसेंबरलाही भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम ३ अंश खाली असतो. त्यामुळे साधारण दहा ते दीडपर्यंत निळसर उजेड असतो आणि निरभ्र दिवशी दक्षिणेकडे गुलाबी पट्टा दिसतो. सगळ्यात जास्त उजेड पावणेबाराला. हाच तुमचा दिवस आहे. जेवणाची सुटी तेव्हा घ्या आणि बाहेर पडा, ढग असले तरी. शहराच्या बेटावर दिव्यांची स्कीवाट लांबवर गेलेली आहे. स्की येत नसेल तर वाटेच्या कडेने चाला, पण स्कीच्या आखलेल्या दोन रेघांवर पाय देऊ नका, लोक चिडतात आणि त्यांचं बरोबर असतं.

या काळात नवख्यांचं सगळ्यात आधी बिघडतं ते झोपेचं. शरीराचं आतलं घड्याळ बहुतेकांमध्ये २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं, आणि सकाळच्या उजेडाने ते रोज जागेवर येतं. उजेडच नसला की रोज थोडं पुढे सरकतं. आज एकला झोप, पुढच्या आठवड्यात तीनला, मग दुपारी दीडला जाग. तोवर तो निळा उजेड होऊन गेलेला असतो. विद्यार्थ्यांमध्ये ही घसरण फार दिसते, कारण त्यांना ओढून उठवणारं कुणी नसतं. उपाय एकच: उठण्याची वेळ ठरवा आणि शनिवार-रविवारीही पाळा. झोपण्याची वेळ आपोआप मागे येते. दुपारची डुलकी वीस मिनिटांच्या आत, तीन वाजायच्या आधी.

यात भारतातल्या फोनचा मोठा हात असतो. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे आहे. आई सकाळी सातला चहा घेता घेता सहज फोन लावते, तेव्हा इथे रात्रीचे अडीच वाजलेले असतात. इथे रात्री बोलायचं ठरवलं तर तिकडे मध्यरात्र उलटून जाते. दुपारी चारची वेळ ठरवा, तिकडे साडेआठ: जेवणं चालू असतात, सगळे घरात सापडतात. रात्री फोन गप्प ठेवा आणि फक्त घरच्या तातडीच्या नंबरांना वाट मोकळी ठेवा.

कॉफी इथे लोक बादलीने पितात. दुपारी दोननंतर बंद करा. त्यातही पातेल्यात उकळून केलेली ‘कोकेकाफे’ रोजची ठेवू नका. तिने कोलेस्टेरॉल वाढतं हे ट्रोम्सोच्याच संशोधकांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं. १९७४ पासून इथे शहरातल्या लोकांच्या तब्येतीचा अभ्यास चालू आहे, त्यातून निघालेली ही गोष्ट. कागदी गाळणीने गाळलेली कॉफी चालते, नको तो अंश कागदात अडकतो. ज्यांच्या घरात हृदयविकार आहे त्यांनी एवढं पाळावं.

आता मनाचं. ‘इथल्या लोकांना अंधार आवडतो, तुम्हीही सकारात्मक राहा’ असा सल्ला तुम्हाला मिळेल. त्यात तथ्य आहे: हिवाळ्याकडे संधी म्हणून बघणारे लोक जास्त समाधानी असतात, असं ट्रोम्सोत झालेल्या एका अभ्यासात दिसलं. मेणबत्त्या, सूप, मित्रांना घरी बोलावणं, हे सगळं करा. पण सकारात्मक वृत्ती हे औषध नाही. दोन आठवडे सलग मन उदास, कशातच रस नाही, गोड आणि पावावर हात सुटतो, दहा तास झोपूनही अंग उठत नाही, असं झालं तर हा हंगामी नैराश्याचा आजार असू शकतो. १९८४ मध्ये डॉक्टरांनी त्याचं रीतसर वर्णन केलं आणि त्यावर उपचार आहेत. फास्टलेगेकडे जा. ‘घरी कळलं तर काय म्हणतील’ याची काळजी नको, डॉक्टर तुमच्या परवानगीशिवाय कुणाला सांगत नाही. रात्री-अपरात्री नुसतं बोलायचं असेल तर ११६ १२३ वर माणूस भेटतो. जीव नकोसा झाला असेल तर थेट ११३.

नॉर्वेजियन शेजारी आपणहून दार ठोठावत नाही. त्याचा राग मानू नका आणि वाटही बघू नका. ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी भेटणारा कुठलाही गट पकडा: गायन, बॅडमिंटन, पोहणं, काहीही. आठवड्याला एकदा बाहेर पडायलाच लावेल अशी एक गोष्ट पुरते. भारतीय मंडळींच्या गटात गणपती-दिवाळी होतेच, पण फक्त सणांना भेटणारी माणसं जानेवारीच्या मंगळवारी उपयोगी पडत नाहीत.

सूर्य क्षितिजावर परत येतो तो १५ जानेवारीच्या सुमारास, म्हणजे संक्रांतीच्या आसपास. पण दक्षिणेकडचे डोंगर आड येतात, म्हणून शहर सूर्याचा दिवस साजरा करतं तो २१ जानेवारीला, जॅमने भरलेले गोड गोळे खाऊन. तिळगूळ तोवर जपून ठेवा.

मार्चनंतर उलटा त्रास

मार्च-एप्रिलमध्ये ऊन येतं आणि जमिनीवर बर्फ तसाच असतो. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, म्हणजे ऊन वरून आणि खालूनही. गॉगल आणि सनस्क्रीन लावा. सावळ्या कातडीलाही चटका बसतो, नाकाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखाली जास्त. याच दिवसांत डोंगरावर जायचा मोह होतो. हिमस्खलनाचा सरकारी अंदाज बघितल्याशिवाय, आणि जाणत्या माणसाशिवाय, उतारांवर जाऊ नका.

मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. आई-वडिलांना बोलवायचं तर याच काळात बोलवा, पायाखाली बर्फ नसतो. त्यांना सरकारी विमा लागू होत नाही, म्हणून व्हिसासाठी काढलेल्या प्रवास विम्यात त्यांचा जुना बीपी आणि मधुमेह धरलाय का ते बारीक अक्षरांत वाचा.

खिडकीला अंधार करणारे पडदे मे उजाडायच्या आत लावा. कडांमधून येणारी उजेडाची फट वेलक्रोच्या पट्टीने बंद होते. प्रवासात असाल किंवा भाड्याच्या घरात खिळा मारता येत नसेल तर अॅल्युमिनियम फॉइल काचेला चिकटवा, दिसायला भयंकर पण काम चोख. लहान मुलं ‘बाहेर अजून दिवस आहे’ म्हणून झोपायला तयार नसतात, आणि शेजारची मुलं खरंच रात्री दहाला अंगणात असतात. झोपायच्या तासभर आधी पडदे ओढून घर अंधारं करा, घड्याळ दाखवून वाद घालण्यापेक्षा ते लवकर पटतं.

मोठ्यांनाही या दिवसांत कमी झोप पुरते असं वाटतं, आणि थोड्या प्रमाणात ते ठीकच आहे. पण सलग काही रात्री तीन-चार तासच झोप, तरी थकवा नाही, डोक्यात विचारांची रांग, बोलणं भरभर, खर्च हाताबाहेर, असं स्वतःत किंवा जोडीदारात दिसलं तर ‘उन्हाळ्याचा उत्साह’ म्हणून सोडू नका. वाढत्या उजेडात काही जणांमध्ये नैराश्याच्या उलट टोकाचा त्रास उसळतो, विशेषतः बायपोलर आजार आधीपासून असेल किंवा घराण्यात असेल तर. अशा वेळी दिवा असला तर तो आधी बंद करा, खोली अंधारी ठेवा आणि त्याच दिवशी फास्टलेगेला फोन करा. सुटीचा दिवस असेल तर ११६ ११७ ला.